पोटगीचा हक्क मिळाला, आता आकड्याचे बोलू

शाहबानो हे नाव ऐकले नाही असा मुस्लिम तरुण महाराष्ट्रात सापडणे कठीण. तो निकाल लागला तेव्हा ज्यांचे आईवडील शाळेत होते, ती मुलेही आज या नावावरून तावातावाने वाद घालतात. शरियत, संविधान, समान नागरी कायदा, राजीव गांधी असे सगळे विषय निघतात. तरुणांच्या शिबिरात असा वाद रंगला की मी एक साधा प्रश्न विचारते. शाहबानोला पोटगी किती मंजूर झाली होती? बहुतेक वेळा सगळे गप्प होतात.

उत्तर असे आहे. तिचे लग्न १९३२ चे. ४३ वर्षांचा संसार, तीन मुलगे, दोन मुली. १९७५ मध्ये तिला घराबाहेर काढले. नवरा इंदूरचा वकील. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे उत्पन्न वर्षाला सुमारे ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,०००. एप्रिल १९७८ मध्ये तिने दरमहा ५०० रुपये मागितले. नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला. ऑगस्ट १९७९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर केले ते दरमहा २५ रुपये. पुढच्या वर्षी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. एवढे देणेही लागू नये म्हणून नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी पाच न्यायाधीशांनी त्याचे अपील फेटाळले, तिला खटल्याचा खर्च म्हणून १०,००० रुपये देववले आणि पोटगी वाढवून हवी असेल तर वेगळा अर्ज करायला सांगितले. महिन्याची रक्कम तीच राहिली.

तिने सांगितलेले उत्पन्न खरे धरले तर पहिला आकडा शंभरातल्या पन्नास पैशांचा होता आणि दुसरा शंभरातल्या साडेतीन रुपयांचा. सारा देश ज्या खटल्यावरून भांडला, त्याचा आकडा हा.

मी वकील नाही. गेली अकरा वर्षे एका महिला सल्ला केंद्रात अर्ज लिहून देणे, कागद लावून देणे, तारखेला बाईबरोबर कोर्टात जाऊन बसणे हे काम करते. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला पोटगी मिळावी की नाही हा वाद कायद्याने मिटला आहे. आता तिच्यावर अन्याय होतो तो रक्कम ठरवताना. आणि ही रक्कम कशी ठरते हे आपल्या तरुणांना माहीत नसते, कारण आपण अजून चाळीस वर्षांपूर्वीच्याच प्रश्नावर भांडतो आहोत.

वाद कुठे मिटला

थोडक्यात सांगते. शाहबानो निकालाविरुद्ध मोर्चे निघाले, शेवटी शाहबानोनेच आपला हक्क सोडत असल्याचे जाहीर केले, आणि १९८६ मध्ये संसदेने मुस्लिम महिला (तलाकनंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा केला. हा कायदा आपल्याच पुढाऱ्यांनी मागून घेतला होता. त्यांची समजूत अशी की आता नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरती राहिली. पण कायद्यातले शब्द वेगळे निघाले. नवऱ्याने तलाकशुदा पत्नीसाठी वाजवी आणि न्याय्य तरतूद व पोटगी इद्दतीच्या मुदतीच्या आत करावी, असे कलम ३ म्हणते. मुदतीच्या आत करावी आणि मुदतीपुरती करावी यांत फार फरक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये हा फरक ओळखला. २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी दानियल लतीफी खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. हे दानियल लतीफी म्हणजे शाहबानोचेच वकील. नवऱ्याने इद्दतीच्या आत तिच्या पुढच्या आयुष्याची सोय लावायची, असा या निकालाचा अर्थ.

१० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला १९८६ चा कायदा आहेच, शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ ही आहे. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. कोणता रस्ता धरायचा हे तिने ठरवायचे. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा हा तिसरा रस्ता.

म्हणजे दार उघडे आहे. आत गेल्यावर हातात काय पडते, ते पुढे पाहू.

जमातीचा हिशेब

आपल्याकडे बहुतेक तलाक कोर्टात जातच नाहीत. मोहल्ल्यात बैठक बसते. दोन्हीकडचे चार जण, जमातीचे अध्यक्ष, कधी काझीसाहेब. हिशेब ठरलेला असतो: मेहर, इद्दतीचे तीन महिने आणि जहेजचे सामान परत. तिघांची बेरीज करून पैसे मोजले जातात, कागदावर "आता कोणतीही मागणी राहिली नाही" असे लिहून बाईचा अंगठा किंवा सही घेतली जाते.

आमच्याकडे आलेल्या एका बाईचा हिशेब सांगते. लग्नाला १४ वर्षे झालेली. दोन मुले. मेहर ११,००० रुपये. बैठकीत इद्दतीचा खर्च महिना ३,००० धरला, म्हणजे ९,०००. एकूण २०,०००. सामानात एक कपाट, एक दिवाण आणि भांडी. मी तिच्यासमोर भागाकार केला. १४ वर्षांचे १६८ महिने. लग्नाच्या एका महिन्यामागे ११९ रुपये. नवऱ्याचे स्वतःचे गॅरेज होते. बैठकीतल्या एकाही माणसाने त्याला विचारले नव्हते की, तुझे गॅरेज महिन्याला किती देते?

त्या बैठकीतली माणसे दुष्ट नव्हती. त्यांना खरेच वाटत होते की आपण शरियतप्रमाणे चोख हिशेब केला. म्हणून मला या हिशेबाबद्दलच बोलायचे आहे.

मेहरची रक्कम निकाहच्या वेळी ठरते. तेव्हा तलाक कुणाच्या मनात नसतो. कुणी ७८६ रुपये बांधतो, कुणी बापजाद्यांपासून चालत आलेला आकडा. वीस वर्षांनी त्या रकमेत किराणासुद्धा येत नाही. शिवाय मेहर ही निकाहमुळे देणे लागते, तलाकमुळे नव्हे. ती बाईची बाकी आहे. बाकी चुकती केली म्हणजे पुढची सोय लावली असे होत नाही. १९७८ मध्ये मुंबईच्या बाई ताहिरा खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी हेच सांगितले. तिथे मेहर ५,००० रुपये आणि इद्दतीचे १८० रुपये होते. पोटगीची जागा घेऊ शकेल एवढी रक्कम दिली असेल तरच नवरा सुटतो, नावापुरती रक्कम पुढे करून सुटत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

तीन मापे

आता १९८६ चा कायदा पुन्हा उघडा. रक्कम ठरवताना न्यायदंडाधिकाऱ्यांनी काय पाहायचे ते कलम ३ मध्येच लिहिले आहे: त्या स्त्रीच्या गरजा, लग्नात असताना तिचे राहणीमान, आणि नवऱ्याची ऐपत. गरज, राहणीमान, ऐपत. समाजाच्या पुढाऱ्यांनी मागून घेतलेल्या कायद्यात ही तीन मापे आहेत. जमातीच्या बैठकीतल्या हिशेबात यांतले एकही नाही. मेहर जुन्या आकड्यावर, इद्दत अंदाजाने आणि सामान जसे उरले असेल तसे.

कुणी म्हणेल, कायदा राहू द्या, दीनचे सांगा. मी आलिम नाही, पण कुरआन वाचायला बंदी नाही. अल-बकराची २३६ वी आयत अजून संसार सुरूही न झालेल्या तलाकशुदा स्त्रीलाही काही द्यायला सांगते, आणि ते धनवानाने त्याच्या ऐपतीने, गरिबाने त्याच्या ऐपतीने. त्याच सूरहची २४१ वी आयत तलाक दिलेल्या स्त्रियांना रीतीला धरून मताअ देणे हे अल्लाहचे भय बाळगणाऱ्यांचे कर्तव्य मानते. अत-तलाक सूरहची ७ वी आयत पुन्हा ऐपतीप्रमाणे खर्च करण्याबद्दलच आहे. मताअ सक्तीची की ऐच्छिक यावर मझहबांमध्ये मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहे. पण ऐपतीचे माप कुरआनात वारंवार येते याबद्दल वाद होऊ शकत नाही. आपल्या बैठकीत मात्र ऐपत हा शब्द निघाला की माणसे अवघडून बसतात.

मुस्लिम देशांनी हा विषय टाळलेला नाही. इजिप्तमध्ये १९८५ च्या कायद्याने, पत्नीचा दोष नसताना आणि तिच्या मर्जीविरुद्ध तलाक दिला, तर इद्दतीच्या खर्चाखेरीज किमान दोन वर्षांच्या नफक्याइतकी मताअ ठरवली. ती ठरवताना नवऱ्याची स्थिती, तलाकची परिस्थिती आणि लग्न किती वर्षे टिकले हे पाहायचे. मलेशियाच्या १९८४ च्या कायद्यातही विनाकारण तलाक दिलेल्या स्त्रीला मताअ मागता येते. इथे शाहबानोविरुद्ध मोर्चे निघत होते त्याच वर्षी कैरोत हा कायदा झाला.

कोर्टात आकडा कसा बांधला जातो

कोर्टात तरी सूत्र आहे का? तयार सूत्र नाही. पगाराच्या २५ टक्के मिळतात असे अनेकांनी ऐकलेले असते. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही रक्कम वाजवी मानली, त्यावरून हे पसरले. तो त्या खटल्यापुरता अंदाज होता, नियम नव्हे. त्याहून कमी मिळते आणि जास्तही मिळते.

आज देशभर ज्या पद्धतीने रक्कम ठरते ती आली आपल्या नागपूरच्या एका खटल्यातून, "रजनेश विरुद्ध नेहा". नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला वेगळे अंतरिम पैसे मंजूर केले होते. नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने त्याला दाद दिली नाहीच, उलट सगळ्या न्यायालयांसाठी पद्धत घालून दिली. ती प्रत्येकाने समजून घ्यावी.

पहिली गोष्ट, नवरा आणि बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्याचा नमुना निकालालाच जोडला आहे, शेतकऱ्यांसाठी वेगळा आहे. पगार, धंदा, भाडे, बँक खाती, विमा, गाडी, जमीन, कर्ज असे सगळे त्यात लिहायचे. नवऱ्याने ते चार आठवड्यांत द्यायचे. खोटे लिहिले तर कारवाई होऊ शकते.

दुसरी गोष्ट, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही. खटला तीन वर्षे रखडला तर तीन वर्षांची थकबाकी नवऱ्याच्या अंगावर येते. म्हणून अर्ज लवकर करावा. "बघू, समजुतीने मिटेल" म्हणत वर्ष घालवले तर ते वर्ष बाईच्या हिशेबातून जाते.

तिसरी गोष्ट, काय काय पाहायचे: दोघांचे वय आणि शिक्षण, लग्न किती वर्षे टिकले, तिने मुलांसाठी किंवा सासरसाठी नोकरी सोडली का, राहायला घर आहे का, मुले कुणाकडे आहेत, नवऱ्यावर आईवडिलांची जबाबदारी आहे का. मुलांची रक्कम वेगळी मोजतात. मुस्लिम मुलांचा हा हक्क १९८६ च्या कायद्याने आटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितले आहे.

आणि चौथी, दोन-तीन कायद्यांखाली अर्ज केले तरी पैसे दोनदा मिळत नाहीत. आधी मंजूर झालेली रक्कम पुढच्या अर्जात सांगावी लागते आणि ती वजा धरतात.

बाई थोडे कमावते म्हणून तिचा हक्क जात नाही. शिवणकाम करून ती ५,००० मिळवत असेल तर ते हिशेबात धरतात, पण तेवढ्यावर दार बंद होत नाही. नवरा "मी बेकार आहे" म्हणाला तर धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे.

कागद कुणाकडे असतो

इथे खरी अडचण येते. सरकारी नोकराचा पगार एका चिठ्ठीवर कळतो. आपल्यातले बहुसंख्य पुरुष गॅरेज, फळगाडी, फॅब्रिकेशन, मटणाचे दुकान, ट्रक, गवंडीकाम यांवर जगतात. पैसा रोख येतो, रोख जातो. प्रतिज्ञापत्रात कोणताही आकडा लिहिता येतो.

ज्या गॅरेजवाल्याचा हिशेब वर सांगितला, ते प्रकरण पुढे कोर्टात गेले. प्रतिज्ञापत्रात त्याने उत्पन्न लिहिले महिना ९,००० रुपये. पण त्याच्याकडे दोन पोरे कामाला होती आणि त्यांचा मिळून पगार १६,००० होता, हे पत्नीला माहीत होते, कारण शनिवारी त्यांचा हिशेब तीच करून द्यायची. वकिलाने उलटतपासणीत एवढेच विचारले की, ९,००० कमावणारा माणूस १६,००० पगार कुठून देतो? अंतरिम आदेशात तिला ५,००० आणि मुलांना प्रत्येकी २,५०० मंजूर झाले. फार मोठी रक्कम नाही. पण बैठकीत जे एकदाच २०,००० देऊन मिटणार होते, ते आता दर दोन महिन्यांत तिला मिळते.

म्हणून मुलींना माझे सांगणे आहे. निकाहनाम्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. नवऱ्याच्या दुकानाचा परवाना, जागेचा भाडेकरार, गाडीचे आरसी बुक, सात-बारा, बँकेचे पासबुक, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, घरभाडे, गॅसची पावती, आखातात असेल तर पैसे पाठवल्याच्या पावत्या, यांचे फोटो काढून ठेवा. संसार सुखाचा असला तरी ठेवा. घरात पैसा किती येतो हे बायकोला माहीत असणे हा संशय नाही, तो संसाराचा भाग आहे. राहणीमान सिद्ध करायचे तर मुले कोणत्या शाळेत जात होती आणि घरभाडे किती होते, हेच बोलते.

चिपळूणचे एक प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नवरा आखातात नोकरीला. २००८ मध्ये रजिस्टर पोस्टाने तलाक. पत्नीने १९८६ च्या कायद्याखाली अर्ज केला. चिपळूणच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एकरकमी ४,३२,००० रुपये मंजूर केले. अपिलात खेडच्या सत्र न्यायालयाने ते ९ लाख केले. दरम्यान तिचा दुसरा निकाह झाला, म्हणून नवऱ्याने उच्च न्यायालयात हरकत घेतली. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. तलाक झाला त्याच दिवशी तिचा हक्क ठरला, पुढच्या निकाहाने तो पुसला जात नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. कोकणातल्या आपल्याच एका स्त्रीला आपल्याच वादग्रस्त कायद्याने ९ लाख मिळतात, आणि शेजारच्या मोहल्ल्यात २०,००० वर सही होते. कायदा दोघींना एकच आहे.

नेहमीच्या तीन हरकती

पहिली हरकत: तलाकनंतर तो गैरमहरम, त्याचा पैसा कसा चालेल? ही हरकत बहुतेकदा बाईच्या वतीने पुरुषच घेतात. तरी एखाद्या बहिणीला मनापासून तसे वाटत असेल, तर १९८६ चा रस्ता तिच्यासाठीच आहे. इद्दतीच्या आत पुढची एकरकमी तरतूद घ्यायची आणि मोकळे व्हायचे. दरमहा हात पसरायला नको. पण मग ती रक्कम तीन मापांवर मोजलेली हवी.

दुसरी: बायका कायद्याचा गैरवापर करतात. काही जणी करतात. पगार लपवतात, खोटे आरोप करतात, मी पाहिले आहे. त्यावर औषध हेच प्रतिज्ञापत्र आहे. ते बायकोलाही भरावे लागते. दोघांचे कागद टेबलावर आले की खोटे बोलणाऱ्याची अडचण होते, मग तो कुणीही असो. ज्या भावांना अन्याय होईल अशी भीती वाटते, त्यांनी तर हिशेब लेखी व्हावा म्हणून आग्रह धरला पाहिजे.

तिसरी: नवराच गरीब असेल तर? हा प्रश्न खरा आहे. भाड्याची रिक्षा चालवणारा, घरात म्हातारे आईवडील, महिन्याला १२-१५ हजार मिळवणारा माणूस ५,००० कुठून देणार? त्याच्याकडून ५,००० मागणे ऐपतीच्या मापाला धरून नाही. कदाचित २,००० ठरतील. २,००० रुपयांत बाईचे भागणार नाही, हे उघड आहे. तिथे माहेरची, समाजाची आणि सरकारची जबाबदारी सुरू होते. १९८६ चा कायदा नातेवाईक आणि मग वक्फ बोर्डाकडे बोट दाखवतो, पण वक्फ बोर्डाकडून महिन्याचे महिन्याला पैसे घेणारी बाई मला माझ्या कामात भेटलेली नाही. जकातीचा पैसा मदरशाला, मशिदीच्या कमिटीकडे आवर्जून पोहोचवणाऱ्या आपल्या वस्त्यांनी मोहल्ल्यातल्या तलाकशुदा गरीब स्त्रीकडेही पाहावे, एवढे मी म्हणेन. मात्र गरीब नवऱ्याचे उदाहरण सांगून दोन मजली घर असलेल्याला सोडून देणे आता थांबले पाहिजे.

उशीर

कोर्टाचा रस्ता सोपा आहे असे मी सांगणार नाही. एका मुस्लिम स्त्रीने १९९८ मध्ये लखनौत कलम १२५ खाली अर्ज केला, त्याचा निकाल कौटुंबिक न्यायालयात लागला २०१२ मध्ये. ते वाचून सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये खेद व्यक्त केला. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. मंजूर झालेली रक्कम नवरा देत नाही, मग वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, हे अनेकींना ठाऊक नसते. वॉरंट निघू शकते, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

तरी तीन गोष्टी बाईच्या बाजूच्या आहेत. ती राहते त्या गावच्या न्यायालयात अर्ज करता येतो, सासरच्या गावी जावे लागत नाही. वकील परवडत नसेल तर प्रत्येक तालुक्यात आणि जिल्ह्यात विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. आणि बैठकीतल्या कागदावर "मागणी राहिली नाही" असे लिहून दिले म्हणून न्यायालयाचे दार आपोआप बंद होत नाही. खुला घेतलेल्या बहिणींनीही हे लक्षात ठेवावे. नवऱ्याने तलाक दिलेली आणि स्वतः तलाक मिळवलेली, दोघीही कायद्याच्या व्याख्येत बसतात.

जमातीकडे मागणी

मी जमातीच्या बैठका बंद करा म्हणत नाही. कोर्टात तीन वर्षे जाण्यापेक्षा मोहल्ल्यात तीन आठवड्यांत मिटले तर ते बाईच्याही भल्याचे असते. पण मग बैठकीने कोर्टाइतके तरी प्रामाणिक असावे. माझ्या मागण्या पाचच आहेत. रक्कम बोलण्याआधी दोघांनीही उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे कागद लेखी द्यावेत. मेहर आणि इद्दत बाजूला ठेवून, पुढची तरतूद गरज, राहणीमान आणि ऐपत यांवर वेगळी मोजावी आणि कशी मोजली ते लिहावे. मुलांची रक्कम निराळी लिहावी. पैसे बँकेतून जावेत, हातोहात नकोत. आणि बैठकीत किमान दोन स्त्रिया बसलेल्या असाव्यात, कारण दोन मुलांच्या घराला महिन्याला किती तेल लागते हे पुरुषांना बहुधा सांगता येत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, शरियतला धक्का लागत नाही. लागतात ती चार तरुण माणसे, जी बैठकीत मागच्या रांगेत बसून मोबाइल बघण्याऐवजी प्रश्न विचारतील. पुढच्या वेळी तुमच्या मोहल्ल्यात अशी बैठक बसेल, तेव्हा कुणीतरी म्हणेल, "मेहर दिली, इद्दत दिली, झाले." तेव्हा उठून विचारा: अध्यक्षसाहेब, याचे महिन्याचे उत्पन्न किती, आणि तो कागद कुठे आहे?